भट्टी, चूल आणि पंगत : प्रस्तावना

पाकशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिण्याची परंपरा आता दीडशे वर्षांची झाली आहे. 1875 मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ या ग्रंथाने सुशिक्षित घरांतील स्वयंपाकाला लेखी दफ्तर मिळवून दिले. आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाल्यावर तर सासरी निघालेल्या मुलीच्या सामानात साड्यांबरोबर हे पुस्तक ठेवण्याची रीतच पडून गेली. या ग्रंथकारांचे ऋण मानल्यावाचून या विषयावर कोणालाही लेखणी उचलता येणार नाही. तथापि या प्रकारच्या वाङ्मयाचा स्वभावच असा आहे, की त्यात पदार्थाला लागणारे साहित्य, त्याची प्रमाणे, कृती, विस्तवाचे मान, वाढण्याची रीत, फार काय, उरलेल्या अन्नाची विल्हेवाट, इतक्या साऱ्या बाबींची तजवीज केलेली असते. परंतु पदार्थ करणाऱ्या व्यक्तीने स्वतः जेवायला केव्हा बसावे, या प्रश्नाला त्यात सहसा जागा नसते.

हा प्रश्न मला गौण वाटत नाही. प्रस्तुत पुस्तकात घरच्या भट्टीत भाजण्याचे जिन्नस, आप्तेष्टांसाठी रांधण्याचे बेत आणि घराबाहेर जाऊन जेवण्याची स्थळे असे तीन विषय एकाच बांधणीत आले आहेत, व हस्तलिखित वाचणाऱ्या एकदोघा स्नेह्यांनी ‘हे त्रांगडे कशासाठी?’ अशी पृच्छाही केली. नानकटाई, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि इराण्याच्या हॉटेलातला बनमस्का यांचा परस्परसंबंध काय, असे वाचकासही वाटेल. तो संबंध त्या बसण्याच्या प्रश्नात आहे. आपल्या स्वयंपाकघरात रांधणारी बाई उभी असते आणि जेवणारे बसलेले असतात; ही व्यवस्था ज्या ज्या वाटांनी थोडीफार ढिली झाली, त्यांत घरात आलेली भट्टी ही एक वाट आणि हॉटेलचे टेबल ही दुसरी वाट, असे माझे निरीक्षण आहे; आणि या दोहोंच्या मधोमध जो आप्तांसाठी रांधण्याचा विषय आहे, त्याच्याकडे या दोन बाजूंनी पाहिल्याशिवाय त्याचे खरे स्वरूप दिसत नाही.

तव्याचा कायदा मोठा कडक आहे. पोळी तव्यावरून उतरताक्षणी ताटात पडली पाहिजे, फुलका फुगलेला असतानाच वाढला पाहिजे, थालीपिठावरचे लोणी वितळण्यापूर्वी पहिला घास तोंडात गेला पाहिजे, अशा या कायद्याच्या कलमांना आपल्या घरांतील पुरुषमंडळी मोठ्या निष्ठेने जपतात, कारण त्यांची अंमलबजावणी दुसऱ्या कोणाकडे तरी असते. जिथे पदार्थ एकेक करून होतो, तिथे करणाऱ्याची सुटका शेवटचा नग उतरेपर्यंत नसते. पुरणपोळीचा दिवस आठवावा. सकाळी डाळ शिजत घालण्यापासून कटाची आमटी उकळेपर्यंत जी व्यक्ती अखंड राबते, ती पंगत उठल्यावर, पुरण संपत आल्यावर, जराशा फाटलेल्या दोन पोळ्या घेऊन बसते, आणि त्या वेळी तिला भूकही उरलेली नसते. हा प्रसंग इतका नित्याचा आहे की त्यात कोणाचा अपराध आहे असे कोणास वाटत नाही, आणि व्यक्तिशः कोणाचा तो नसतोही. तव्याचा तो गुणधर्म आहे.

भट्टीचा गुणधर्म याच्या उलट. भट्टीत जिन्नस एकदम जातो, एकदम निघतो, आणि मधला वेळ मोकळा असतो. हे तत्त्व आपल्या देशीं अगदीच अपरिचित होते असे नव्हे. विदर्भात शेतावर रोडग्यांचा बेत ठरला, की जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून ठेवतात, वांग्याची भाजी आणि वरण एकीकडे होत असते, आणि रोडगे राखेतून काढून झटकल्यावर सगळेच एका वेळी जेवायला बसतात. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे ठेवून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. त्या जाळाभोवती बसलेल्यांत कोण रांधणारा आणि कोण खाणारा, हे सांगता येत नाही. अशा बेतांत पुरुषांचा हात एकाएकी कामाला लागतो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या स्वयंपाकात आपल्याला पंगतीबाहेर राहावे लागणार नाही, त्यात भाग घ्यायला पुरुषाची हरकत नसते!

कोकणात आणि गोव्यात याहून बारीक काम चालत असे. तवशाचा कीस, रवा, गूळ आणि नारळ यांची तवसाळी, किंवा कोबीचे वा कोळंबीचे भानोले, पातेल्यात घालून ते मंद निखाऱ्यांवर ठेवायचे आणि वरच्या झाकणावरही निखारे पसरायचे. म्हणजे खालून आणि वरून अशी दुहेरी आच लागून जिन्नस आतपर्यंत शिजतो आणि दोन्ही अंगांनी तांबूस होतो. गोव्यातील बेबिंक तर वरच्या आचेवरच उभी राहते. नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर आणि मैदा यांच्या पातळ मिश्रणाचा एक थर ओतायचा, तो वरून तांबूस होईपर्यंत थांबायचे, त्यावर तुपाचा हात फिरवून दुसरा थर ओतायचा, आणि असे करीत दिवसाचा मोठा भाग त्या एका पदार्थापायी खर्ची घालायचा. बेबिंकेच्या बाबतीत भट्टीचे ते मोकळ्या वेळाचे तत्त्व साफ खोटे ठरते, हे मी आधीच कबूल करून टाकतो. ती नाताळापुरती ठेवतात यात शहाणपण आहे.

मौजेची गोष्ट अशी, की बेकिंगला लागणारी बहुतेक विद्या मराठी स्वयंपाकघरात पूर्वापार हजर होती. कणकेत वा मैद्यात कडकडीत मोहन घातले की पिठाचे कण तुपातेलाने माखतात, पाणी घातल्यावर पिठातला चिकटपणा लांबलचक तंतू धरीत नाही, आणि शंकरपाळे खुसखुशीत होते. पाश्चात्त्य पाककार बिस्किटासाठी पिठात लोणी चोळतो, तो याच कारणासाठी. तांदळाचे पीठ आणि तूप फेसून केलेला साटा लाटलेल्या पोळ्यांवर पसरून, गुंडाळी करून, पुन्हा लाटून आपण जे चिरोटे तळतो, त्यांतले पापुद्रे आणि बेकरीतल्या खारीचे पापुद्रे हे एकाच युक्तीचे फळ आहे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवून आंबवण्याची रीत, आंबोळीचे रात्रभर ठेवलेले पीठ, परातीत तळहाताने तूप पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसण्याची ती मनगट मोडणारी क्रिया, हे सारे आपल्या आज्यांना अवगत होते. तूप फेसताना त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडले जातात आणि उष्णता लागताच ते फुगून पीठ हलके करतात, ही उपपत्ती त्यांना ठाऊक नसेल. परंतु तूप पुरते फेसले गेले की नाही, हे त्यांच्या हाताला कळत असे. उणीव होती ती एवढीच, की चारही बाजूंनी सारखी लागणारी, कोंडलेली, तासभर टिकणारी आच घरात नव्हती. ती बाजारात होती, आणि बाजारातील त्या भट्टीचा मालक बहुधा किरिस्ताव, मुसलमान किंवा इराणी असे.

येथे या विषयाला एक सामाजिक वळण लागते, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोर्तुगीजांचा अंमल गोव्यात 1510 मध्ये आणि वसईत 1534 मध्ये बसला, आणि त्यांच्याबरोबर पाव आला. माडाच्या सुरेने पीठ आंबवून भाजलेला हा पाव गोव्याच्या गावोगावी पोदेरांच्या भट्ट्यांतून रुळला, व पोई, उंडे, कांकणे अशी त्याची कुटुंबशाखा तिथे वाढली. परंतु घाटावरच्या आणि मुंबईच्या हिंदू घरांत पाव हा दीर्घकाळ केवळ खाद्यपदार्थ नव्हता, ती धर्मांतराची खूण होती. विहिरीत पाव टाकून अख्खा गाव बाटवला, ही कथा वसईकडे आणि गोव्यात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. तिची ऐतिहासिक छाननी येथे करण्याचे कारण नाही; लोकांचा तिच्यावर विश्वास होता, एवढे आपल्याला पुरे. याच समजुतीचा उलटा उपयोग 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने केला. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त मंडळात प्रवेश करावयाचा, तर ख्रिश्चनाच्या हातचा पाव खावा लागे. आज रस्त्यावर उभ्याउभ्या खाल्ला जाणारा तो तुकडा त्या तरुणांनी बंद दाराआड, छाती धडधडत असताना खाल्ला असेल. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली.

याहून प्रसिद्ध प्रकरण पुण्याचे. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली, कोणी नाकारली. आणि पाहुण्यांची नावे वृत्तपत्रात छापून आल्यावर शहरात असा गहजब उडाला की न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, जे एरवी बहुतेक वादांत समोरासमोर उभे राहत, ते आरोपींच्या एकाच यादीत जाऊन बसले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी झाली, आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. एका कपभर चहाने आणि बिस्किटाने पेशव्यांच्या राजधानीची जी झोप उडवली, ती पाहता घराबाहेर खाणे हा आपल्या इतिहासात केवळ जिभेचा विषय कधीच नव्हता, हे मान्य करावे लागेल. आणि मग काळाचा विनोद पाहा. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर बटाटेवडा पावात घालून विकण्यास प्रारंभ झाला, त्याचे श्रेय अशोक वैद्य यांच्या नावावर जमा आहे. आणि परमहंस सभेला दीडशे वर्षे पुरी होण्यापूर्वीच तोच पाव मराठी माणसाच्या अस्मितेचे चिन्ह होऊन बसला! ज्या पावाने पणजोबा बाटला असता, तो हातात घेऊन पणतू मराठी बाण्याची भाषणे ऐकतो. त्याला प्रायश्चित्त कोणी सांगत नाही.

घर आणि भट्टी यांच्यामधली ही भिंत व्याख्यानांनी जेवढी पाडली, त्याहून अधिक दिवाळीच्या नानकटाईने पाडली असावी, असे मला वाटते. तालुक्याच्या गावांपासून पुण्यामुंबईपर्यंत ही प्रथा होती आणि क्वचित अजून आहे. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप वा डालडा, वेलदोडा असे सारे साहित्य पिशव्यांत भरून बेकरीवर न्यायचे. काही ठिकाणी घरची बाईच पीठ मळून नेई, काही ठिकाणी बेकरीतला कारागीर मोठ्या परातीत ते मळून देई. पत्र्यांवर गोळे मांडायचे, मधोमध चारोळी वा बदामाचा काप दाबायचा, आणि किलोमागे ठरलेली भाजणावळ देऊन रिकाम्या डब्यांसह रांगेत उभे राहायचे. विटांच्या कमानदार भट्टीत पहाटे लाकूड जाळून, निखारे बाजूला सारून, तापलेल्या फरशीवर आधी पाव भाजला जातो, कारण त्याला कडक आच लागते. भट्टी जसजशी उतरत जाते तसतशी खारीची, बिस्किटांची आणि शेवटी टोस्ट वाळवण्याची पाळी येते. घरगुती नानकटाईला जी मवाळ आच पाहिजे, ती पावाचे काम आटोपल्यावर फुकट शिल्लक असे, आणि तीच बेकरीवाला भाड्याने देई. या व्यवहारात दोन्ही पक्षांचा लाभ होता. घरच्या तुपाची आणि मापाची खात्री गृहिणीला होती, शिळ्या आचेचा मोबदला बेकरीवाल्याला मिळत होता, आणि सोवळेओवळे मानणाऱ्या सासूबाईंनासुद्धा ‘पीठ आपलेच आहे’ एवढी सबब पुरेशी होत असे. आजूबाजूच्या घरांतल्या बायका त्या रांगेत तासन्‌तास बसत, एकमेकींच्या पत्र्यांवर टीका करीत, आणि काही न रांधता एक दुपार घराबाहेर काढीत. मला तर वाटते, अनेकींना नानकटाईपेक्षा ती दुपारच अधिक हवी असे.

या लाकडावर चालणाऱ्या भट्ट्यांचे दिवस आता भरत आले आहेत. हवेच्या प्रदूषणाच्या कारणावरून जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या मुदतीत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा हुकूम दिला. फुप्फुसांच्या दृष्टीने हुकूम रास्त आहे, आणि लाकडाच्या धुराने पावाला स्वाद येतो, असे जे हळहळून म्हटले जाते, त्यात तथ्य थोडे आहे. निखारे बाजूला सारलेल्या भट्टीत धूर फारसा उरत नाही, पावाचे कवच घडते ते तापलेल्या विटांमुळे. विजेच्या वा गॅसच्या भट्टीत ती जड, सावकाश उतरणारी आच मिळवणे अवघड नाही, महाग आहे. लहान बेकरीवाल्याची अडचण तिथे आहे.

घरात भट्टी आली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी आले स्टोव्हवर ठेवायचे केकपात्र, खाली वाळूचा थर आणि वर घट्ट झाकण. मग झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल विजेचा ओव्हन, जो अनेक घरांत वर्षभर माळ्यावर असे आणि वाढदिवसाला खाली उतरे. पुढे चौकोनी ओव्हन आला. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर चुलीखालीच प्रशस्त ओव्हन बांधलेला असतो, आणि पुष्कळ घरांत त्यात कढया आणि तवे रचून ठेवलेले असतात. अंड्याचा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या मगदुराप्रमाणे सोडवला. कोणी अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि केक गॅलरीत फेटला, कोणी त्यासाठी निराळे भांडे ठेवले, कोणी दही आणि सोडा यांवर भिस्त ठेवली. दह्यातील आम्लाची सोड्याशी गाठ पडताच वायू सुटू लागतो, म्हणून असे मिश्रण कालवल्यावर वाट पाहत ठेवू नये, तडक आचेवर न्यावे. बेकिंग पावडरीत मात्र काही वायू ओलाव्याने आणि उरलेला उष्णतेने सुटतो, त्यामुळे तिथे थोडी सवड मिळते. रव्याचा, दह्याचा, बिनअंड्याचा केक हा केकाचा गरीब नातलग आहे, असे मी मानीत नाही. तो तवसाळीचा सख्खा भाऊ आहे, आणि त्याची परीक्षा त्याच घराण्याच्या मापाने व्हावी.

2020 च्या टाळेबंदीत बाजारातून यीस्ट दिसेनासे झाले आणि शहरांतल्या घराघरांत पाव भाजण्याचे प्रयोग सुरू झाले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या लाटेतून उरलेली महत्त्वाची गोष्ट पाव नव्हे. ऑर्डरी घेऊन केक विकणाऱ्या बायकांचा एक मोठा वर्ग त्यानंतर प्रत्येक गावात ठळकपणे दिसू लागला, ही ती गोष्ट होय. हे काम करणाऱ्या अनेकींशी बोलल्यावर मला आढळले, की त्यांची अडचण ओव्हनची वा साहित्याची नसते, दराची असते. मैदा, लोणी, चॉकलेट यांचा खर्च त्या काटेकोर लिहितात. वीज पुष्कळदा विसरतात. आणि स्वतःच्या वेळाचा आकडा मांडताना त्यांची लेखणी अडखळते, कारण तो वेळ आजवर कोणाच्याच जमाखर्चात लागलेला नसतो. त्यातच ओळखीतून आलेले गिऱ्हाईक ‘घरचीच तर आहेस’ म्हणून सूट मागते. घरच्या माणसाने अधिक द्यायला हवे की कमी, याचा निवाडा वाचकांनी करावा. माझा कौल देण्याच्या बाजूचा आहे.

यावरून मी आप्तांसाठी रांधण्याच्या विषयाकडे येतो. या विषयावर आपल्याकडे भावनेचा पूर येतो आणि त्यात हिशेब वाहून जातात. ‘तिच्या हाताला चव आहे’ ही स्तुती सर्वतोमुखी आहे, आणि ती खोटी नसते. मात्र त्या स्तुतीने श्रमांची भरपाई चुकती झाली, अशी समजूत करून घेण्याची आपल्याला सवय जडली आहे. हाताची चव म्हणजे बहुतांशी लक्ष. फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत थांबणे, कांदा करपण्याच्या अलीकडे उतरवणे, आजारी माणसाच्या पेजेत मीठ किती हे त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवणे, वसतिगृहातून येणाऱ्या मुलासाठी त्याच्या आवडीची भाजी आदल्या दिवशी निवडून ठेवणे, हे सारे लक्षाचे काम आहे, आणि ते शिकता येते, ज्याला इच्छा असेल त्याला. ते स्त्रीजातीच्या हाताला उपजत असते, ही कल्पना सोयीची असल्यामुळे टिकली आहे. प्रेमाने रांधण्याला माझा विरोध नाही, तो कोणाचा असेल? एखाद्यासाठी मुद्दाम काही करणे, आणि तो ते खात असताना समोर बसणे, यासारखे सुख थोडेच आहे. माझे म्हणणे ‘समोर बसणे’ या दोन शब्दांपुरते आहे. म्हणून या पुस्तकाच्या मधल्या भागात जे बेत दिले आहेत, ते निवडताना चवीनंतरची कसोटी हीच लावली, की पाहुणे ताटावर बसल्यावर करणाऱ्याला पुन्हा चुलीपाशी जावे लागू नये. पोळ्यांऐवजी आधी भाजून ठेवलेला लादीपाव, गरम राहणारी उसळ, आदल्या दिवशी अधिक मुरणारे सांबारे, सकाळीच होऊन बाजूला पडणारी तवसाळी. अशा बेताने पोळीच्या भक्तांचा थोडा हिरमोड होईल. होऊ द्यावा.

आता घराबाहेरचे टेबल. यझ्द आणि केरमान प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यांवर जी हॉटेले थाटली, त्यांपैकी धोबीतलावची कयानी 1904 मधली, बॅलार्ड इस्टेटजवळची ब्रिटानिया 1923 मधली, पुण्याचे गुडलक 1935 मधले. संगमरवरी पाटाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि कोणीही येऊन कोणाच्याही समोर बसावे अशी मुभा. त्यांच्या जोडीला उडुप्यांची शाकाहारी उपाहारगृहे आली, दादरला मामा काण्यांसारखी मराठी उपाहारगृहे होती, आणि सोवळ्यातून निघालेल्या माणसाला पायरी पायरीने बाहेर खाण्याची सवय लागली. बायकांचा प्रवेश मात्र बराच नंतरचा. पुष्कळ हॉटेलांत पडदा वा लाकडी आडोसा असलेली ‘फॅमिली रूम’ असे, आणि बाहेरच्या हॉलमध्ये पुरुषांचे राज्य. त्या आडोशाआडच्या टेबलावर बसून, दुसऱ्या कोणी तरी केलेला, दुसऱ्या कोणी तरी आणून दिलेला डोसा खाताना, आपल्या आईला वा आजीला प्रथमच बशी विसळण्याची चिंता नव्हती, हे तिने कधी बोलून दाखवले नसले, तरी महिन्याच्या पगाराच्या दिवशी तिथे जाण्याचा हट्ट मुलांपेक्षा तिचा अधिक का असे, याचा उलगडा होतो.

पण याच विषयाची दुसरी बाजूही या पुस्तकात यावयास हवी होती. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, बायकामुले गावी ठेवून राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन्ही वेळचे जेवण देणाऱ्या खानावळी बायकाच चालवीत, आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर. कामगार संपावर गेला की त्याचे बिल थकत असे, तरी त्याचे ताट थांबत नसे. उधारीच्या वहीत ते जमा होई आणि बाई सावकाराकडून कर्ज काढून धान्य भरी. या खानावळवाल्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. तेव्हा जेवणारा घराबाहेर आला म्हणून रांधणारीची सुटका होतेच असे नाही. कित्येकदा ती एका घरातून निघून दुसरीच्या खोलीत जाऊन उभी राहते. हॉटेलात जेवताना भटारखान्यात डोकावून पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला हे सांगायला नको.

आपल्या खवय्यांचा एक विरोधाभासही येथे नोंदवून ठेवतो. घरात बसून ते ‘हॉटेलसारखी भाजी कर’ म्हणतात, आणि हॉटेल निवडताना ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी शोधतात. माझी पसंती सरळ आहे. बाहेर जावे ते घरात होऊ शकत नाही त्यासाठी: पावाच्या मोठ्या भट्टीतून निघालेला ताजा ब्रून, इराण्याचा पानीकम चहा, सतत तापलेल्या जाड तव्यावरचा कुरकुरीत डोसा. वरणभातासाठी बाहेर रांग लावणे मला समजत नाही, प्रवासातल्या माणसाची गोष्ट निराळी. स्थळांची जी यादी शेवटी जोडली आहे ती याच विचाराने केलेली आहे, आणि त्यामुळे कित्येक नामांकित ठिकाणे तिच्यात नाहीत.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे सांगून हा मजकूर पुरा करतो. चुलीवरच्या पदार्थांची प्रमाणे वाटीत दिली आहेत, कारण तिथे हाताचा अदमास चालतो; भट्टीच्या जिन्नसांची मात्र ग्रॅममध्येच दिली आहेत, कारण वाटी प्रत्येक घरात निराळी असते आणि तीच वाटी मैद्याने दाबून भरली वा चाळून सैल भरली, तर वजनात इतका फरक पडतो की केक बसतो. साधा तराजू आधी घ्यावा, साचे मागाहून. उष्णतेचे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. बहुतेक जिन्नस 160 ते 180 अंशांत होतात, पावाला 200 च्या वर लागते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर जाडीचा कोरड्या वाळूचा वा मिठाचा थर पसरावा, त्यावर कडे ठेवून पातेले झाकून दहा मिनिटे तापवावे, आणि मग आत डबा ठेवावा. कुकर वापरल्यास शिटी आणि रबरी कडे काढून ठेवण्यास चुकू नये, व पाणी मुळीच घालू नये. नवशिक्याने आरंभ नानकटाईने करावा. आणि जवळपास अजून भाजणावळ घेणारी एखादी बेकरी शिल्लक असेल, तर दिवाळीच्या बऱ्याच आधी तिथे चौकशी करून दिवस ठरवून घ्यावा, दुपारी पाव निघाल्यावर जावे, आणि डब्याच्या झाकणावर नाव घातले असले तरी डब्याच्या अंगावरही घालावे, कारण गर्दीत झाकणांची अदलाबदल होते.